उरलेली नलिका
मुलग्यांच्या एका विरळ अवस्थेविषयी आणि तिला द्यावयाच्या नावाविषयी

मूल जन्मास आले की सुईण एक दृष्टी टाकते आणि मुलगा की मुलगी ते सांगून मोकळी होते. बहुतेक वेळा तिचे सांगणे बरोबरच असते. परंतु निसर्गाने हा निर्णय त्या क्षणी घेतलेला नसतो. तो सुमारे सात महिने अगोदर, आईच्या उदरात, एकामागून एक अशा कित्येक पायऱ्यांनी घेतला गेलेला असतो; आणि त्यांतील एखादी पायरी चुकली, तरी बाहेरून पाहणाऱ्यास पुष्कळदा काहीच कळत नाही. अशाच एका चुकलेल्या पायरीची हकीकत येथे सांगावयाची आहे. हकीकतीबरोबर माझे मतही सांगणार आहे. ते वैद्यकापेक्षा भाषेशी अधिक निगडित आहे, कारण माझा व्यवसाय भाषांतराचा आहे आणि शिक्षण मराठी साहित्याचे.

ज्या अवस्थेविषयी लिहावयाचे, तिच्यातील मुलगा हा सर्वार्थाने मुलगाच असतो. त्याच्या पेशींत मुलग्याची गुणसूत्रे असतात, बाह्य अवयव मुलग्याचे असतात, वयात आल्यावर त्याला मिसरूड फुटते, आवाज फुटतो. मात्र त्याच्या ओटीपोटात एक लहानसा गर्भाशय आणि त्याला जोडलेल्या अंडवाहिन्या राहून गेलेल्या असतात. आणि बहुधा त्याचे वृषण जेथे यावयाचे तेथे, म्हणजे वृषणकोशात, उतरलेले नसतात. ही अवस्था अत्यंत विरळ होय. जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या अशा रुग्णांची संख्या शेकड्यांतच मोजावी लागते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत मागे जावे लागते. त्या वेळी पुढे मुलगा होणारा गर्भ आणि पुढे मुलगी होणारा गर्भ ह्यांच्या नलिकांत काही भेद नसतो. दोहोंतही नलिकांच्या दोन जोड्या असतात. एका जोडीला अठराव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ कास्पार फ्रीड्रिख वोल्फ ह्यांचे नाव आहे, तर दुसरीला योहानेस म्युलर ह्यांचे, ज्यांनी १८३० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मुलीत म्युलर नलिका वाढतात आणि त्यांपासून अंडवाहिन्या, गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग बनतो. वोल्फ नलिका विरून जातात. मुलग्यात ह्याच्या उलट घडते. वोल्फ नलिकांपासून शुक्रवाहिन्या बनतात आणि म्युलर नलिका नाहीशा होतात. म्हणजे प्रत्येक पुरुषाच्या देहात एके काळी गर्भाशयाची तयारी होती, आणि प्रत्येक स्त्रीच्या देहात शुक्रवाहिनीची. आपली मराठी भाषा ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी चालविते, ‘ते मूल’ असे म्हणते. त्या पहिल्या सात आठवड्यांपुरते तरी व्याकरण आणि गर्भविज्ञान ह्यांचे छान जमते असे म्हणावयास हरकत नाही.

मग मुलग्यात म्युलर नलिका नाहीशा कोण करते? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे श्रेय फ्रान्समधील आल्फ्रेड जोस्त ह्यांना जाते. त्यांचे प्रयोग सशांच्या गर्भांवर झाले आणि १९४७ साली ते प्रसिद्ध झाले. सशिणीच्या पोटातील गर्भावर शस्त्रक्रिया करणे आणि तो गर्भ जिवंत ठेवून पुढे वाढू देणे, हे केवढ्या हस्तकौशल्याचे काम असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. लिंगभेद दिसू लागण्यापूर्वी जोस्त ह्यांनी नरगर्भांचे वृषण काढून टाकले. त्या सर्व गर्भांत म्युलर नलिका टिकल्या आणि वोल्फ नलिका विरल्या. आतील नलिकांपुरते ते सर्व मादी झाले. ह्यावरून एवढे ठरले की नराची घडण घडविण्यास वृषण लागतो; तो नसेल तर मादीची घडण आपोआप होते.

परंतु जोस्त येथे थांबले नाहीत. काढलेल्या वृषणाच्या जागी त्यांनी टेस्टोस्टेरोन ह्या पुरुष-संप्रेरकाचा एक स्फटिक बसविला. त्याबरोबर वोल्फ नलिका टिकल्या. पण म्युलर नलिकाही टिकल्या! टेस्टोस्टेरोन त्यांना हटवू शकला नाही. अर्थात् वृषणातून आणखी एखादे दुसरे द्रव्य निघत असले पाहिजे, आणि म्युलर नलिका पुसून टाकणे हे त्याचे काम असले पाहिजे, असा निष्कर्ष जोस्त ह्यांनी काढला. ते द्रव्य कोणते, हे त्या वेळी कोणीच पाहिलेले नव्हते. केवळ अनुमानाने त्याचे अस्तित्व सिद्ध झाले होते, जसे एखाद्या न दिसलेल्या ग्रहाचे होते. आणि गंमत अशी की तो स्फटिक बसविलेला ससा, ज्याच्या पोटात दोन्ही जोड्या शेजारी शेजारी नांदत होत्या, तो आपल्या ह्या विरळ अवस्थेचे प्रयोगशाळेत घडविलेले चित्रच होता.

पुढे जोस्त ह्यांच्या शिष्या नाताली जोसो आणि इतर संशोधक ह्यांनी ते द्रव्य हुडकून वेगळे केले. त्याला म्युलर-विरोधी संप्रेरक म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याचे ‘एएमएच’ असे नाव प्रचलित आहे. १९८६ साली त्याचे जनुक हाती आले. ते १९ व्या गुणसूत्रावर आहे. संप्रेरकाला ओळखणारा जो ग्राहक पेशीवर असतो, त्याचे जनुक १२ व्या गुणसूत्रावर आहे. एएमएच हे नाव पुष्कळ वाचकांनी निराळ्याच संदर्भात ऐकले असेल. अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्ततपासणीच्या कागदावर ते आज सर्रास दिसते, कारण स्त्रीच्या अंडाशयातही ते तयार होते आणि शिल्लक बीजांचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मुलग्याच्या गर्भात मात्र त्याचे काम वेगळे, आणि त्याला दिलेली मुदत फार थोडी. आठव्या आठवड्याच्या सुमारास वृषणातील पेशी ते स्रवू लागतात आणि पुढील एक-दोन आठवड्यांत म्युलर नलिका विरू लागतात. ही मुदत टळली, की त्या नलिकांना हा निरोप पुन्हा ऐकू येत नाही. जन्मानंतर कितीही एएमएच असले तरी उपयोग नाही.

आता चूक कोठे होते ते सांगणे सोपे आहे. एक तर संप्रेरकाचे जनुक बिघडलेले असते, म्हणजे निरोप धाडलाच जात नाही. किंवा ग्राहकाचे जनुक बिघडलेले असते, म्हणजे निरोप दारापर्यंत येतो पण दार उघडत नाही. शंभरांतील सुमारे ८५ रुग्णांत ह्या दोहोंपैकी एक कारण सापडते. लहान मुलग्याच्या रक्तात एएमएच जवळजवळ नसेलच तर पहिला प्रकार, आणि ते पुरेसे असूनही नलिका उरली असेल तर दुसरा, असा तर्क वैद्यास करता येतो. टेस्टोस्टेरोनचे काम दोन्ही प्रकारांत बिनचूक चाललेले असते. म्हणूनच मुलगा बाहेरून निःसंशय मुलगा दिसतो.

वृषण का उतरत नाहीत, ह्याचे कारण यांत्रिक आहे. वृषण प्रथम पोटात, मूत्रपिंडाच्या खालच्या बाजूस तयार होतो आणि गर्भवासाच्या अखेरच्या महिन्यांत जांघेतील वाटेने खाली उतरतो. ह्या मुलग्यांत तो उरलेल्या अंडवाहिनीला आणि गर्भाशयाला बांधलेला असतो. त्यामुळे पुष्कळ वेळा दोन्ही वृषण पोटातच राहतात. कधी एक वृषण खाली उतरतो आणि जाताना गर्भाशयालाही जांघेच्या वाटेत ओढून नेतो. मग ती जागा फुगते, आणि घरचे लोक हर्निया म्हणून डॉक्टरांकडे जातात. जुन्या मराठी ग्रंथांत ज्याला अंतर्गळ म्हणत, तोच हा. कधी दोन्ही वृषण एकाच बाजूला उतरतात आणि दुसरी बाजू रिकामी राहते. स्वीडनमधील वैद्यकीय नियतकालिकात १९३९ साली निल्सन ह्यांनी अशा रुग्णाचे वर्णन केले, तेही जांघेतील हर्नियात सापडलेल्या गर्भाशयाचे म्हणूनच. आजही कित्येकांच्या बाबतीत ही गोष्ट हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी अकस्मात उघडकीस येते, कधी बालपणी, तर कधी पुरुष तिशी-चाळिशीत आल्यावर, लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी झाल्यावर.

आणि मग बातमी होते. ‘पुरुषाच्या पोटात गर्भाशय’ असा मथळा वाचला नाही असा वर्तमानपत्राचा वाचक विरळाच. त्याखाली आश्चर्याची उद्गारचिन्हे असतात; क्वचित् ‘अर्धनारीनटेश्वर’ हा शब्दही असतो. ह्या सर्व खटाटोपात त्या माणसाचे काय होते, ह्याचा विचार कोणी करीत नाही. गावात नाव सांगितले नसले तरी गावाला ते कळते. काल जो कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा होता, त्याच्याविषयी आज कुजबूज सुरू होते. आणि त्याला मारलेल्या हाका मी येथे लिहीत नाही, कारण त्या वाचकांना ठाऊक आहेत. ज्या व्यक्ती स्वतःस स्त्री वा पुरुष ह्यांपैकी एका चौकटीत बसवू इच्छीत नाहीत, त्यांच्या हक्कांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्यता दिली आणि ते योग्यच झाले. परंतु तो प्रश्न वेगळा आणि हा वेगळा. ह्या मुलग्याच्या देहाने त्याच्या पुरुषत्वाविषयी कोणतीही शंका उपस्थित केलेली नसते. शंका उपस्थित करतो तो शब्द.

दोष केवळ वर्तमानपत्रांचा नाही, शास्त्राचाही आहे. एडविन क्लेब्स ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली अशा सर्व अवस्थांची जी वर्गवारी केली, तिच्यात ‘खरे उभयलिंगी’ आणि ‘खोटे उभयलिंगी’ असे दोन मोठे गट होते. आपले मुलगे त्यांतील दुसऱ्या गटात पडले. ही भाषा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत नांदली. तिचे भाषांतर करताना कोणी ‘मिथ्या उभयलिंगी’ लिहिले, कोणी ‘छद्म उभयलिंगी’. संस्कृतात आणि मराठीत ‘छद्म’ म्हणजे कपट, सोंग. ज्या अर्भकाने अजून डोळेही उघडलेले नाहीत, त्याने कोणते कपट केले? शिकागो येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात ह्या जुन्या संज्ञा टाकून देण्याची शिफारस केली आणि त्यांऐवजी ‘लैंगिक विकासातील विकार’ असा सर्वसामान्य शब्दप्रयोग सुचविला. त्यातील ‘विकार’ हा शब्दही काहींना बोचतो आणि ते ‘भेद’ म्हणणे पसंत करतात.

माझे मत असे आहे की ह्या विशिष्ट अवस्थेपुरता तरी आपण विकार आणि भेद हा वाद बाजूला ठेवावा आणि ‘म्युलर-नलिका-अवशेष’ असे साधे नाव वापरावे. ‘अवशेष’ हा शब्द शाळेतील प्रत्येक मुलाला इतिहासाच्या पुस्तकातून परिचित आहे. जमिनीखाली जुन्या घराचा पाया सापडला म्हणून वर राहणारा मनुष्य परका ठरत नाही. ‘अवशेष’ म्हटले की काय घडले ते कळते: एक नलिका जावयाची होती, ती उरली. तो कोण आहे, ह्याविषयी तो शब्द मौन पाळतो, आणि ते मौनच हवे. लांबलचक संस्कृत समास करून शास्त्रीयपणाचा आव आणण्याची आपल्या परिभाषाकारांची जुनी सवय मला ठाऊक आहे. तिचा मोह येथे टाळावा. जी संज्ञा बापाला आपल्या मुलाविषयी मोठ्याने उच्चारता येत नाही, ती कितीही शुद्ध असली तरी निरुपयोगी होय.

कोणी म्हणेल, इतक्या विरळ गोष्टीसाठी शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या कपाटात पुस्तिका कशाला? त्याचे उत्तर असे की ह्या विरळ गोष्टीच्या मागे एक मुळीच विरळ नसलेली गोष्ट उभी आहे. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांचा एक किंवा दोन्ही वृषण उतरलेला नसतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलग्यांत हे प्रमाण पुष्कळच अधिक असते. पहिल्या काही महिन्यांत त्यांतील बरेच आपोआप उतरतात, आणि वर्षअखेर शंभरांत सुमारे एक मुलगा उरतो. सहा महिन्यांनंतर मात्र आपोआप उतरण्याची आशा फारशी नसते. म्हणून सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करून वृषण खाली आणावा, असे आजचे वैद्यक सांगते. वृषणाला शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन ते चार अंश सेल्सियसने थंड जागा लागते. पोटाच्या उबेत त्याचे शुक्रजंतू निर्माण करण्याचे सामर्थ्य क्षीण होत जाते. दुसरी भीती कर्करोगाची. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेरा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांना वृषणाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट, तर तेरानंतर झालेल्यांना पाचपटीहून अधिक आढळला.

म्हणजे वेळेला येथे फार मोल आहे. आणि वेळ कोठे जातो? तो जातो ‘मोठा झाला की उतरेल’ ह्या आजीच्या आश्वासनात, आणि त्याहूनही अधिक संकोचात. ताप आला, खोकला झाला तर आई दहा जणींना विचारते. मुलाच्या ह्या अवयवाविषयी विचारावयाचे तर शब्दच तिच्यापाशी नसतो. जे शब्द असतात ते शिवीचे तरी असतात किंवा वैद्यकाचे तरी. ‘वृषण’ हा शब्द मी येथे इतक्या वेळा लिहिला तो हेतुतः. तो नाक, कान ह्यांच्याइतका साधा व्हावयास पाहिजे.

तपासणी तर अगदी क्षुल्लक आहे. खोली उबदार असावी, तपासणाऱ्याचा हात उबदार असावा, मूल शांत असावे. कारण थंडीने किंवा स्पर्शाने वृषण वर ओढला जातो आणि उतरलेला असूनही उतरला नाही असे वाटते. उलट ऊन पाण्याने आंघोळ घालताना तो खाली दिसत असेल, तर बहुधा चिंतेचे कारण नसते, तरी डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवावे. दोन्ही बाजू रिकाम्या असतील, किंवा एक बाजू रिकामी आणि दुसऱ्या बाजूस हर्निया असेल, तर मात्र शल्यवैद्याने शस्त्रक्रियेपूर्वीच म्युलर-नलिका-अवशेषाचा विचार मनात ठेवावा. दोन्ही वृषण हातास लागत नसतील तर गुणसूत्रांची आणि संप्रेरकांची तपासणी आधी झाली पाहिजे, कारण तेथे अन्य काही तातडीची कारणेही असू शकतात.

गर्भाशयाचा अवशेष काढावा की ठेवावा, ह्याविषयी शल्यवैद्यांत एकमत नाही. अडचण अशी की शुक्रवाहिनी त्या अवशेषाच्या भिंतीला चिकटून किंवा तिच्या आतूनच जाते. अवशेष पुरा काढू गेल्यास ती तुटण्याचा संभव असतो. दुसरीकडे, काही रुग्णांत त्या अवशेषात कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून काही शल्यवैद्य गर्भाशय मध्यभागी उभा विभागून, शुक्रवाहिन्या राखून, दोन्ही वृषण खाली आणतात. ह्यांपैकी काय करावे हे सांगण्याचा अधिकार भाषांतरकारास नाही. परंतु एक गोष्ट निश्चयाने म्हणता येते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत गर्भाशय अकस्मात दिसला, तर तेथल्या तेथे घाईने काही कापून टाकण्याचे कारण नाही. वृषणाचा लहानसा तुकडा तपासणीस घेऊन, जखम शिवून, आईबापांशी बोलून मग दुसरी शस्त्रक्रिया ठरविता येते. आणि हे बोलणे त्यांच्या भाषेत झाले पाहिजे. ‘तुमच्या मुलाच्या पोटात गर्भाशय आहे’ एवढेच वाक्य ऐकून घरी गेलेला बाप ते कोणालाही सांगणार नाही, आणि पुढच्या तपासणीसही येणार नाही. पुढची तपासणी तर आयुष्यभर हवी, कारण खाली आणलेल्या वृषणावर लक्ष ठेवावे लागते. ह्यांतील बहुतेक पुरुषांची अपत्यप्राप्तीची शक्यता उणावलेली असते. तथापि काहींना स्वतःची मुले झाली आहेत, हेही त्या बापाला त्याच बैठकीत कळावे.

अनुवंशाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आई आणि बाप ह्या दोघांकडूनही बिघडलेले जनुक आले तरच ही अवस्था उत्पन्न होते. आईबाप स्वतः निरोगी असतात. म्हणून जवळच्या नात्यात विवाह झालेल्या कुटुंबांत तिची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे, आणि दक्षिणेकडे भाचीशीही विवाह होतात. एका मुलग्यात ही अवस्था आढळली तर त्याच्या प्रत्येक भावात ती असण्याची शक्यता चारात एक असते. भावांची तपासणी त्याच वेळी व्हावी. मातेला दोष देण्यास येथे तिळमात्र जागा नाही. जनुक दोघांचेही आहे.

राहता राहिला प्रश्न ही तपासणी करावयाची कोणी आणि केव्हा. मुलांच्या आरोग्यतपासणीचा जो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याच्या नऊ जन्मजात दोषांच्या मूळ यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, जन्मजात मोतीबिंदू आहे. न उतरलेला वृषण नाही. माझ्या मते तो असावयास पाहिजे होता. शाळेतील तपासणीची वाट पाहणे तर व्यर्थच, कारण पहिलीत येईपर्यंत अठरा महिने केव्हाच उलटून गेलेले असतात. पण आपल्या देशात जवळजवळ प्रत्येक मूल एका ठरावीक दिवशी परिचारिकेच्या हाती येते: नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाच्या लसीला. त्याच दिवशी लंगोट सोडून अर्धा मिनिट पाहिले, आणि आईच्या हाती जे माता व बाल संरक्षण कार्ड असते त्यावर ‘दोन्ही वृषण खाली आहेत काय?’ अशी एक ओळ छापली, तर त्यास यंत्र लागत नाही, औषध लागत नाही, नवी नेमणूक लागत नाही. उत्तर ‘नाही’ असे आले, तर शस्त्रक्रियेसाठी अजून नऊ महिने हाती असतात.